अपघाती मृत्यू आणि भरपाईचा दावा : कागद कुठे अडतो? (नागपूर आणि आसपास)

कागद_आधी

घरातला माणूस अपघातात गेला की तेरवी आटोपेपर्यंत कोणी कागदाकडे पाहत नाही. साहजिक आहे. पण दाव्याचं निम्मं नशीब त्याच तेरा दिवसांत ठरून जातं, म्हणून हा धागा. जवळच्या नातेवाइकांना हे जमणार नाही. मामा, साळा, शेजारी, ऑफिसातला मित्र असं कोणीतरी एक जण ठरवा आणि एकच फाइल त्याच्याकडे राहू द्या.

रस्ता अपघातापासून सुरू करतो, कारण सर्वात जास्त दावे तिथलेच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आपल्याकडे सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात आहे. अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली होतो. कागद हे लागतात : एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, दोषारोपपत्र, पोलिसांकडचा एए फॉर्म (अपघाताच्या माहितीचा नमुना), गाडीचं आरसी, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना. घरच्यांकडून मृत्यू प्रमाणपत्र, मृताच्या वयाचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकाचं आधार व बँक पासबुक.

यात सगळ्यात कच्चा राहतो तो घटनास्थळ पंचनामा. शक्य असेल तर पंचनाम्याच्या वेळी घरचं कोणी हजर राहा आणि नकाशात चार गोष्टी आल्या का ते पाहा : रस्त्याची रुंदी, दोन्ही गाड्या कोणत्या बाजूला पडल्या, ब्रेकच्या खुणा किती लांब, काच-रक्त नेमकं कुठे. समोरासमोर धडक झाली आणि नकाशात बिंदू रस्त्याच्या मधोमध दाखवला, की विमा कंपनी "दोघांची चूक" म्हणून निम्म्या रकमेवर हात ठेवते. पेट्रोल पंप, ढाबा, टोल नाक्याचं सीसीटीव्ही फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या.

मुदत. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना अर्जासाठी सहा महिन्यांची अट आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय. अंतरिम आदेशाच्या भरवशावर मात्र बसू नका. दोषारोपपत्र आलं नसलं तरी अर्ज टाकता येतो, कागद मागून जोडता येतात.

---

तर्री_पोहा

काही शंका, भाऊ. गोंदिया, भंडारा, पार मध्य प्रदेशातल्या शिवनी-बालाघाटकडचे पेशंट मेडिकल नाहीतर मेयोत (नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं) येतात आणि इथे दगावतात. अपघात तिकडचा, मृत्यू इकडचा. मग गुन्हा कुठला, दाखला कुठला, अन् दावा कुठे लावायचा?

---

मर्ग_डायरी

हा प्रश्न नागपूरसाठी फार महत्त्वाचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

रुग्णालयात मृत्यू झाला की ते रुग्णालय ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे आधी मर्ग दाखल होतो. मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) १७४ आणि आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १९४. मरणोत्तर पंचनामा हेच ठाणं करतं, शवविच्छेदन मेडिकल किंवा मेयोत होतं, आणि नंतर मर्गची कागदं अपघात झाला त्या ठाण्याकडे वर्ग होतात. ही कागदं वाटेत रेंगाळतात. तिकडचं ठाणं म्हणतं आमच्याकडे पीएम (शवविच्छेदन अहवाल) आलंच नाही, इकडचं म्हणतं आम्ही पाठवलं. म्हणून मर्ग क्रमांक, तारीख आणि जावक क्रमांक पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. जावक क्रमांक हाती असला की टपाल कुठे थांबलं ते दोन फोनमध्ये कळतं.

पुढचा अडथळा कलमवाढीचा. अपघात झाला तेव्हा माणूस जखमी होता, म्हणून गुन्हा दुखापतीच्या कलमांखाली नोंदवलेला असतो. बारा दिवसांनी मृत्यू झाल्यावर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १०६(१), जोडायला हवं (१ जुलै २०२४ आधीच्या अपघातांत आयपीसी ३०४-अ). कलमवाढ झालीच नाही तर दोषारोपपत्रात मृत्यू दिसत नाही, आणि कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

सगळ्यात वाईट प्रकार डामाचा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, खर्च झेपत नाही म्हणून पेशंटला घरी नेतात, आठवड्याने घरीच मृत्यू होतो आणि शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार होतात. आता डोक्याचा मार आणि मृत्यू यांचा दुवा कशाने जोडणार? उपचारांचे कागद, सीटी स्कॅन आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष एवढाच आधार उरतो. चालतं, पण फार ताणलं जातं. अपघाताचा पेशंट घरी दगावला तरी ठाण्याला कळवा आणि पीएम करून घ्या. त्या घडीला हे सांगणं कठोर वाटतं, तरी कोणीतरी सांगायला हवं.

पीएमच्या अहवालात "मृत्यूचं कारण राखून ठेवलं" असेल तर व्हिसेरा (अवयवांचे नमुने) न्यायसहायक प्रयोगशाळेत गेलेला आहे. त्याचा अहवाल आल्यावर अंतिम मत लेखी घ्यावं लागतं, ते आपोआप घरी येत नाही.

मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे. म्हणजे माणूस शिवनीचा असला तरी दाखला नागपूर महानगरपालिकेचा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का ते खिडकीवरच पाहा.

दावा लावायला तीन जागा : अपघात झाला तो जिल्हा, दावेदार राहतात किंवा कामधंदा करतात तो जिल्हा, किंवा प्रतिवादी राहतो तो. निवड तुमची. समृद्धीवर मेहकरकडे अपघात झाला आणि घर मानेवाड्यात असेल तर नागपुरातच लावा.

---

कागद_आधी

वरच्या प्रतिसादाला जोड. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी स्वतःहून न्यायाधिकरणाला अहवाल द्यायचे असतात : पहिला ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत. हा अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. म्हणून काही जण निवांत बसतात. बसू नका, पोलिसांच्या अहवालात तुमचं उत्पन्न आणि अवलंबितांची यादी जशी हवी तशी येतेच असं नाही.

---

हिशोबनीस

रक्कम कशी निघते त्याबद्दल फार गैरसमज आहेत. "न्यायाधीश ठरवतील ते" असं नसतं, बऱ्यापैकी ठरलेलं सूत्र आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल त्याचा पाया.

उदाहरण घेऊ. वय ३४, बुटीबोरीत ठरावीक पगाराची खाजगी नोकरी, महिना १८,०००. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई.

वर्षाचं उत्पन्न २,१६,०००. त्यात पुढे वाढलं असतं म्हणून ४० टक्के मिळवायचे : ३,०२,४००. माणसाचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा. अवलंबून चार जण, म्हणून एक चतुर्थांश. उरले २,२६,८००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६. झाले ३६,२८,८००.

यावर साहचर्याच्या हानीचे (जवळच्या माणसाची साथ गेल्याबद्दल) प्रत्येकी ४८,४०० प्रमाणे चौघांचे १,९३,६००, अंत्यविधी आणि मालमत्तेची हानी प्रत्येकी १८,१५०. (मूळ आकडे ४०,००० आणि १५,०००, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ, २०१७ पासून दोनदा झाली.) एकूण ३८,५८,७००. शिवाय व्याज.

आता खरी मेख. सुनेचं आणि सासूचं पटत नाही म्हणून आईचं नाव अर्जात टाकलंच नाही असं समजा. अवलंबून तीन उरतात, वजावट एक चतुर्थांशऐवजी एक तृतीयांश होते, आणि ३६,२८,८०० चे ३२,२५,६०० होतात. आईचे ४८,४०० गेले ते वेगळेच. घरातल्या भांडणाची किंमत साडेचार लाख. नंतर आई स्वतः वकील घेऊन आली की खटला आणखी लांबतो. अर्जदार व्हायला कोणी तयारच नसेल तर त्याला प्रतिवादी करून नाव आत ठेवा.

बाकी आकडे थोडक्यात. वाढीचे टक्के : कायम नोकरीत चाळिशीच्या आत ५०, पुढच्या दशकात ३०, पन्नास ते साठ १५. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४०, २५, १०. गुणक : १५ ते २५ वयाला १८, ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, ५६ ते ६० ला ९, ६५ च्या वर ५. अविवाहित असेल तर वजावट साधारण निम्मी, पण गुणक मृताच्याच वयाचा लावतात, आई-वडिलांच्या नाही. जुन्या सवयीने आईचं वय लावलेलं दिसलं तर तिथेच हरकत घ्या.

---

नागनदी

पगार धरायचा तो हातात येतो तो की पूर्ण? आणि ज्याला पगारपत्रकच नाही त्याचं काय? भाजी ठेला, मिस्त्री, संत्र्याची बाग... गृहिणी गेली तर?

---

हिशोबनीस

पूर्ण. त्यातून फक्त आयकर आणि व्यवसाय कर वजा. पीएफ, एलआयसीचा हप्ता, सोसायटीचं कर्ज ही कपात उत्पन्नातून काढायची नसते. हातात १४,२०० येतात म्हणून साक्षीत "पगार चौदा हजार" असं बोलून गेलं की तेच धरलं जातं. नुसती पगाराची पावती जोडून भागत नाही, कंपनीचा माणूस रजिस्टर घेऊन साक्षीला यावा लागतो. त्याला समन्स काढायला वकिलाला आठवण करा.

कागद नसेल तर न्यायालय किमान वेतनाच्या आसपास धरतं. त्यावर जायचं असेल तर : मिस्त्रीसाठी ठेकेदाराची साक्ष आणि खात्यातल्या जमा नोंदी, ठेल्यासाठी महानगरपालिकेची फेरीवाला नोंद, क्यूआर कोडवरची रोजची जमा, घाऊक बाजाराच्या पावत्या. हल्ली क्यूआरची नोंद फार कामी येते, वर्षभराचं विवरण बँकेतून शिक्का मारून घ्या.

शेतीचं गणित वेगळं. जमीन तर मागे राहतेच, म्हणून सातबारावरचं सगळं उत्पन्न "बुडालं" असं धरत नाहीत. माणसाच्या कष्टाची आणि देखरेखीची किंमत धरतात. काटोल-नरखेडकडची संत्रा बाग असेल तर बागवान ठेवायला आता महिन्याला काय मोजावं लागतं, बाग ठोक्याने दिली तर आधीपेक्षा किती कमी आले, हे दाखवा. बाजार समितीच्या पट्ट्या लागतील.

गृहिणीचं काम फुकट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. २०२१ च्या कीर्ती प्रकरणात तर भविष्यातली वाढसुद्धा त्यावर द्यायची असं ठरलं.

आणि एलआयसीचे, पीएफचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून वजा होत नाहीत. हेलन रिबेलो हा १९९८ चा निकाल आपल्या एसटी महामंडळाविरुद्धचाच आहे.

---

पॉलिसी_तपासा

विमा कंपनी कुठे सुटते ते मी सांगतो. गाडीचा नंबर परिवहनच्या अ‍ॅपवर टाकला की विमा कोणाचा आणि कधीपर्यंत ते दिसतं. अपघाताच्या तारखेला तो चालू होता का, एवढंच नाही, पॉलिसी कोणत्या प्रकारची ते पाहा.

१. दुचाकीवर मागे बसलेला. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीच्या कंपनीकडून मागच्याला सहसा काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत मिळतं. समोरच्या गाडीची चूक असेल तर हा प्रश्नच येत नाही, तिच्या कंपनीकडे मागच्याचा पूर्ण हक्क. दोन्ही गाड्यांची चूक असेल तरी मागच्याने दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागावी.

२. ट्रॅक्टर-ट्रॉली, छोटा हत्ती. लग्नाचं वऱ्हाड किंवा निंदणाच्या बाया मालवाहू गाडीत बसवून नेतात. मालवाहू गाडीतला फुकट प्रवासी पॉलिसीत येत नाही, २००३ पासून हे ठरलेलं आहे. मग जबाबदारी एकट्या मालकावर, आणि मालकाकडे असतं काय? "मजूर होते" की "माल घेऊन चाललेला मालाचा मालक होता" हे एफआयआरमध्ये जसं असेल तसं नेमकं लिहिलं गेलं पाहिजे. नंतर बदललेली गोष्ट उलटतपासणीत टिकत नाही.

३. परवाना नाही. बहुतेक वेळा न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल कर म्हणतं. हलक्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवली म्हणून कंपनी सुटत नाही, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

४. सेकंडहँड गाडी, नाव बदललेलंच नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. दोघांनाही प्रतिवादी करा.

---

तर्री_पोहा

अन् पोलिसांनी मेलेल्यावरच गुन्हा टाकला तर? स्लिप होऊन डिव्हायडरवर गेला, दुसरी गाडीच नाही, असं पण असते नं.

---

पॉलिसी_तपासा

दुसरी गाडी होती पण चूक मृताची दाखवली, तर दोन वाटा. एक, १६६ मध्येच लढायचं : दावा फौजदारीसारखा संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेच्या पारड्यावर ठरतो, एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. प्रत्यक्षदर्शी लागेल. दोन, कलम १६४ : दोष न बघता मृत्यूसाठी ठोक ५ लाख. मात्र ही रक्कम तडजोडीत स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो. कंपनीचा माणूस महिन्याभरात घरी येऊन "पाच लाख लगेच, सही करा" म्हणाला तर वरचं ३८ लाखांचं गणित आठवा.

दुसरी गाडीच नसेल आणि मृत स्वतः मालक असेल, तर मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण पाहा. अट : परवाना चालू हवा आणि आरसीवर त्याचंच नाव हवं. बापाच्या नावावरची गाडी पोरगा चालवत होता, तर बापाचं हे संरक्षण पोराला लागू होत नाही. निम्मी घरं इथेच अडकतात. यासाठी न्यायाधिकरण नाही, थेट कंपनीकडे दावा, नाकारला तर ग्राहक आयोग.

---

मर्ग_डायरी

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर : मृत्यूसाठी २ लाख, १ एप्रिल २०२२ च्या योजनेनुसार. अर्ज न्यायालयात नव्हे, अपघात झाला त्या भागातल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे; मंजुरी जिल्हाधिकारी देतात. हे फार कमी लोकांना माहीत आहे. "वाहन अज्ञात" असा पोलिसांचा अहवाल लागतो. पुढे गाडी सापडून भरपाई मिळाली तर हे २ लाख परत करावे लागतात.

मृत शेतकरी किंवा त्याच्या घरातला असेल, वय १० ते ७५, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान, २ लाख, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. वीज पडणं, सर्पदंश यातही. आणि बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कटलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, आणखी २ लाख. पासबुकाची मे-जूनची पानं बघा, हप्ता तेव्हा कटतो.

---

हिंगणा_शिफ्ट

कामावर मृत्यू झाला तर? एमआयडीसीत मशीनवर, किंवा ड्युटीवर जाताना.

---

हिशोबनीस

ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर मालकाविरुद्ध वेगळी भरपाई नाही, तिथूनच आश्रितांना वेतनाच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने मासिक रक्कम मिळते. कार्ड नसेल तर कर्मचारी भरपाई. सूत्र : महिन्याच्या वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा घटक. वेतन १५,००० पर्यंतच धरतात. वय ३५ ला घटक १९७.०६, म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६ = १४,७७,९५०. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हा मोठा फायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आणि तिच्यात घर ते काम हा प्रवासही धरलाय, वेळ-जागा-काम यांचा संबंध दिसला पाहिजे.

कंपनीची गाडी चालवताना ड्रायव्हर गेला तर दोन्ही कायदे लागतात, पण एकच निवडायचा. ड्रायव्हरची स्वतःचीच चूक असेल तर कर्मचारी भरपाई. समोरच्या ट्रकची चूक आणि वय कमी असेल तर मोटार न्यायाधिकरणात बहुधा जास्त निघतं. दोन्ही आकडे कागदावर मांडून मग ठरवा.

ठेकेदार "हा आमचा माणूसच नाही" म्हणतो तेव्हा गेटपास, हजेरीचा व्हॉट्सअ‍ॅप फोटो, फोनपेवर आलेली मजुरी हे कामी येतं. मृताचा मोबाइल फॉरमॅट करून लहान भावाला देऊ नका!

---

कागद_आधी

रेल्वेतून पडून मृत्यू : रेल्वे दावा न्यायाधिकरणाचं खंडपीठ नागपुरातच आहे. रक्कम ठोक ८ लाख, मुदत एक वर्ष. रूळ ओलांडताना गेला तर यात बसत नाही. तिकीट सापडलं नाही म्हणून हक्क जात नाही (सर्वोच्च न्यायालयाचा रीना देवी निकाल, २०१८). नातेवाइकांनी प्रतिज्ञापत्र दिलं की खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर. लोहमार्ग पोलिसांच्या झडती पंचनाम्यात पाकीट, कपड्यांचे खिसे नीट नोंदवले का ते बघा.

वकिलाबद्दल. मेयोच्या शवागाराबाहेर जो कार्ड देतो त्याला तिथेच वकीलपत्र देऊ नका. निकालातल्या रकमेवर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. "वीस टक्के" म्हणत कोरा चेक आणि कोऱ्या कागदावर सह्या मागणाऱ्याला नमस्कार करा. फी टप्प्याटप्प्याने, लेखी. विधवा पत्नी किंवा आई अर्जदार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

लोकअदालतीत मिटवायचं असेल तर आधी वरच्या सूत्राने आकडा काढून जा. व्याजासकट काढा, अर्जाच्या तारखेपासून धरतात. ३८ लाखांवर साडेसात टक्क्यांनी वर्षाला पावणेतीन लाखांच्या वर जातं. थोडं सोडून लवकर पैसे मिळत असतील तर हरकत नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं, रक्कम कमी वाटली तर आपणही.

---

नागनदी

निकालात पैसे मुदत ठेवीत टाकायला लावतात म्हणे. मुलीच्या कॉलेजला लागले तर?

---

कागद_आधी

अल्पवयीन मुलाचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवतात, पत्नीच्या हिश्श्याचाही काही भाग. व्याज दरमहा खात्यात येतं. ठेव मोडायची असेल तर बँकेत जाऊन उपयोग नाही, त्याच न्यायाधिकरणात अर्ज करायचा. सोबत प्रवेशपत्र, कॉलेजच्या फीची पावती किंवा मागणीपत्र, ठेव पावतीची प्रत. नेमका आकडा मागा, "शिक्षणासाठी" एवढंच मोघम लिहिलं तर परत पाठवतात. फीची शेवटची तारीख अर्जात ठळक लिहा, आणि ती तारीख उन्हाळी सुट्टीत येत असेल तर सुट्टी लागण्याआधीच अर्ज टाका.